चौथे बटण

आमच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाची नेमणूक अकरा महिन्यांची असते. बारावा महिना का वगळायचा, असे मी नोकरीला नवा असताना विचारले होते. त्या वेळचे अधीक्षक म्हणाले, "बारा महिने सलग ठेवलं की माणसाला आपण इथलेच आहोत असं वाटायला लागतं." इतके सरळ उत्तर पुढच्या छत्तीस वर्षांत ऑफिसात कोणी कोणाला दिलेले मला आठवत नाही.

ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या सरांना अशी अठरा नेमणूकपत्रे मिळाली. अठराही मीच टाइप केली. पहिल्या सहांवर 'प्रशिक्षक, मुलींचा बास्केटबॉल संघ' असे होते आणि पुढच्या बारांवर 'क्रीडासाहित्य विभागप्रमुख'. या विभागात सर, चौदा चेंडू, एक पंप आणि जाळ्यांचे एक गाठोडे एवढा परिवार होता. त्यांचे खरे नाव फायलीत आहे, पण कॉलेजात त्यांना सगळे बटण सर म्हणतात. समोर फक्त सर, आणि पाठ फिरली की बटण सर.

सर आले तेव्हा तिशीचे होते. उंची बेताचीच, त्यामुळे प्राचार्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारले होते, "तुम्ही स्वतः खेळायचात की नुसतं शिकवायचात?" सर म्हणाले, "खेळायचो. म्हणूनच शिकवायला लागलो." प्राचार्यांना विनोद कळला नाही आणि नेमणूक झाली.

त्या वेळी मैदानाच्या एका टोकाची रिंग दुसऱ्या टोकाच्या रिंगपेक्षा दोन बोटे खाली होती. सरांनी शिडी मागितली. अर्ज खरेदी समितीकडे गेला, समिती त्यावर बसली, आणि शिडी तिसऱ्या वर्षी आली. तोपर्यंत सरांनी मुलींना या बाजूला असा आणि त्या बाजूला तसा, दोन प्रकारचा नेम शिकवून ठेवला होता. बाहेरून आलेल्या संघांचे चेंडू एका बाजूला रिंगवर आपटून परत येत आणि त्यांना वाटे, आज आपला दिवस नाही. शिडी आल्यावर रिंग वर घ्यायला सरांनीही जरा चालढकलच केली, हे इथे नमूद करतो. माणूस सज्जन होता, पण अगदीच कामातून गेलेला नव्हता.

पहिल्या वर्षीचा पहिला सामना आम्ही एकसष्ट विरुद्ध नऊ असा हरलो. प्राचार्य म्हणाले, "नऊ तरी झाले." दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो, पण थोडक्यात. चौथ्या वर्षी उपांत्य फेरी गाठली. सहाव्या वर्षी मुली विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचल्या, तेव्हा प्राचार्यांना कॉलेजात असा संघ आहे हे नीट कळले. त्यांनी सरांना बोलावून सांगितले, "कप आणा. पद मंजूर झालंय. कायम करून टाकू." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, म्हणजे मी साक्षीदार झालो.

आता सरांची एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे.

दुसऱ्या अर्धात प्रत्येक संघाला तीन टाइमआउट मिळतात. म्हणजे प्रशिक्षकाने दोन हातांची खूण करायची, खेळ मिनिटभर थांबतो, मुलींना पाणी मिळते आणि ओरडाही मिळतो. चौथा मागितला तर आमच्या विद्यापीठाच्या नियमपुस्तकात कडक शिक्षा आहे. समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता एकेका गुणाचे दोन नेम, आणि वर चेंडूही त्यांचाच. शिल्लक किती हे टेबलावर बसलेला स्कोअरर लिहितो, पण त्याने ते आपण होऊन सांगायचे नाही. विचारले तर सांगायचे. सामन्याच्या गडबडीत विचारायचे भान कोणाला राहते? म्हणून सर पँटच्या डाव्या खिशात तीन बटणे ठेवत. एक टाइमआउट घेतला की एक बटण उजव्या खिशात. डावा खिसा चाचपला की शिल्लक कळे. बाकीचे प्रशिक्षक बोटे मोजत, तळहातावर पेनने रेघा मारत, त्या घामाने पुसून जात. सरांची बटणे कधी पुसली गेली नाहीत.

बटणे त्यांच्या पत्नीच्या डब्यातली. वहिनी घरी शिवणकाम करतात. त्यांचे घर दोन खोल्यांचे; बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे आणि भिंतीला टेकवलेला आरसा. उरलेल्या जागेत पाहुणा बसतो. माझे शर्ट सतरा वर्षे तिथेच शिवून होतात, त्यामुळे त्या घरातले बोलणे मला मापे देता देता ऐकायला मिळाले आहे.

अंतिम सामना दुसऱ्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. मुलींचे पात्रता अर्ज आणि ओळखपत्रे घेऊन ऑफिसचा माणूस सोबत लागतो, म्हणून मी गेलो होतो. सकाळी बसमध्ये चढताना सरांच्या शर्टाच्या बाहीचे बटण दांड्याला अडकून तुटले. माझ्या समोरच. सरांनी ते उचलले, फुंकर मारली आणि हरवू नये म्हणून डाव्या खिशात टाकले. मी म्हणालोसुद्धा, "नीट ठेवा, जोडीचं मिळत नाही." ते म्हणाले, "खिशात आहे, कुठं जातंय?"

कुठेच गेले नाही. हाच तर घोटाळा झाला.

एकोणीस सेकंद उरले होते, आमच्या मुली एका गुणाने पुढे होत्या आणि चेंडू आमचाच होता. समोरच्या मुली अंगावर धावून येत होत्या आणि आमच्या घाबरल्या होत्या. सरांनी डावा खिसा चाचपला. एक बटण हाताला लागले. सरांनी दोन्ही हातांची खूण केली आणि पंचांनी शिट्टी वाजवली. मग टेबलावरच्या म्हाताऱ्या स्कोअररने चष्मा वर सरकवून सांगितले, "यांचे तीन संपलेत."

दोन फ्री थ्रो. दोन्ही रिंगमध्ये गेले. चेंडूही त्यांचा. एका गुणाने आम्ही हरलो.

सर बराच वेळ बाकावर बसून होते. उजव्या खिशातली तीन बटणे काढून त्यांनी तळहातावर ठेवली, मग डाव्या खिशातले चौथे. ते बाकीच्यांपेक्षा थोडे लहान होते. घाईत बोटांना ते कळले नव्हते, एवढेच.

तेवढ्यात तो म्हातारा स्कोअरर दोन कप चहा घेऊन आला. एक सरांना दिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही उठलात तेव्हाच माहीत होतं. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असा नियम आहे."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"बरोबर आहे तुमचं."

"साखर कमी आहे का?"

"नाही, ठीक आहे."

परतीच्या बसमध्ये मुली रडत होत्या आणि सर त्यांची समजूत घालत होते, म्हणजे हरल्यावर जे प्रशिक्षकाच्या वाट्याला येते ते सगळे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी ते बटण बाहीला लावले. पक्का दोरा चार पदरी करून. पुढे शर्ट कोपरात विरला, कॉलर गेली, तरी बटण जागचे हलले नाही. मला त्या एकदाच म्हणाल्या, "अख्ख्या गल्लीची बटणं मी लावते. नवऱ्याचं तेवढं एक सुटायचं होतं."

कॉलेजात गोष्ट पोचायला एक तास पुरला. प्राचार्य म्हणाले, "ज्याला तीन मोजता येत नाहीत त्याच्या हाती संघ कसा द्यायचा?" प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून त्यांनी आपल्या मेहुण्यांना आणले. मेहुणे सरांकडे टेबल टेनिसचे प्रमाणपत्र होते. चेंडू त्यातही असतोच, असे निवड समितीचे म्हणणे पडले. जुन्या सरांना काढून टाकायचे तर ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते. त्यापेक्षा साहित्याची खोली सोपी होती. ती जिन्याखाली होती आणि तिला खिडकी नव्हती.

इथे दुसरा एखादा माणूस नोकरी सोडून गेला असता. सरांनी पहिल्या आठवड्यात खोली झाडली, चेंडूंवर एक ते चौदा आकडे घातले, आणि नववा चेंडू फाटला होता तो घरी नेऊन वहिनींकडून शिवून आणला. वहिनी म्हणाल्या, "आता चेंडूंचं पण माप घेऊ का?" त्यांनी शिवला मात्र इतका सुबक, की मुली तोच आधी मागू लागल्या.

सरावाची वेळ सकाळी सहाची. मेहुणे सर साडेसातला येत. "मी खेळाडूंना वॉर्मअपला वेळ देतो," असे ते सांगत. मधल्या दीड तासात मुली चेंडू घ्यायला जिन्याखाली जात, आणि चेंडू देता देता सर सांगत, "कोपर आत. काल तुझं कोपर बाहेर जात होतं." चेंडू हातात द्यायला किती वेळ लागतो? आमच्याकडे दीड तास लागे. साडेसात वाजले की सर खोलीत जाऊन पंप पुसू लागत. बारा वर्षे हे असे चालले, आणि ते माहीत नसलेला माणूस कॉलेजात एकच होता. त्याला सातच्या आधी जाग येत नसे.

मधल्या काळात कायम होण्यासाठी सरांनी दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा तो परत आला, कारण अलीकडचा अनुभव 'साहित्याचा' होता, 'शिकवण्याचा' नव्हता. दुसऱ्यांदा प्रतीक्षायादीत त्यांचा क्रमांक पहिला लागला. यादीत दुसरे कोणी नव्हते आणि जागा निघाली नाही. ते पत्र मीच त्यांच्या हातात दिले. सर म्हणाले, "पहिला तर आलो."

याच वर्षांत विद्यापीठाने त्यांना स्कोअरर केले. टेबलावर बसायला कोणी तयार नसे. आठ तास बसा, दोन्ही बाजूंच्या शिव्या खा, वर सही करा. तीन मोजता येत नाहीत म्हणून ज्याला खाली बसवला, त्यालाच सगळ्या विद्यापीठाचे मोजायला बसवले, यावर कॉलेजात हसून हसून लोकांची पोटे दुखली. सर मात्र त्या कामात असे मुरले, की त्यांच्या कागदावर एकदाही खाडाखोड झाली नाही. मी हिशोबाचा माणूस आहे. कागद कोणाचा चांगला हे मला कळते.

त्यांनी एक गोष्ट मात्र स्वतःची घुसवली. कोणीही टाइमआउट घेतला की ते उभे राहत, आधी एका बाकाकडे आणि मग दुसऱ्याकडे तोंड करून बोटे वर करत आणि खणखणीत सांगत, "पाहुणे दोन. यजमान एक." कोणी विचारलेले नसे. पंच हसत, प्रशिक्षक मान हलवत. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. त्या दहा-अकरा वर्षांत विद्यापीठात एकाही संघाकडून चौथा टाइमआउट मागितला गेला नाही, हे मी जुनी पत्रके चाळून पाहिले आहे.

हे खटकले एकट्या मेहुणे सरांना. त्यांनी विद्यापीठाला लिहिले, की आपल्याच कॉलेजचा साहित्यपाल भर मैदानात आपल्याला आकडे शिकवतो, त्यामुळे 'प्रशिक्षकावर मानसिक दबाव' येतो. पत्र मीच टाइप केले. तीन आठवड्यांत परिपत्रक आले: टेबलावरील व्यक्तींनी न विचारता, तोंडाने अथवा हाताने, शिल्लक टाइमआउटची माहिती देऊ नये. सरांनी ते वाचले, घडी घालून खिशात ठेवले. "तोंडाने अथवा हाताने," ते म्हणाले. "स्वच्छ लिहिलंय." शाबासकी द्यावी तसे म्हणाले.

त्याच वर्षी संस्थेवर नवे अध्यक्ष आले. त्यांनी प्राचार्यांना विचारले, मुलींच्या संघाने बारा वर्षांत काय आणले? प्राचार्यांनी फायली मागवल्या, फायलींत काही नव्हते. नेमक्या त्याच वर्षी मुली अंतिम सामन्यात गेल्या, आणि सामना आमच्याच मैदानावर होता. यजमान कॉलेजने टेबलाची माणसे द्यायची असतात. स्कोअरर म्हणून बटण सर, आणि घड्याळाला मी, कारण ऑफिसात वेळेवर चालणारे घड्याळ माझे एकट्याचे आहे असा लौकिक आहे.

सामन्याच्या सकाळी प्राचार्यांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावले. टेबलावर दोन पत्रे होती, दोन्ही मी आदल्या दिवशी टाइप केलेली, दोन्हींवर अध्यक्षांची सही, तारखेची जागा दोन्हींवर मोकळी.

"आडपडदा ठेवत नाही," प्राचार्य म्हणाले. "कप आला तर पद मेहुण्यांना. नाही आला तर अध्यक्ष त्यांना ठेवणार नाहीत, आणि पद तुम्हाला. कायम. उद्यापासून."

सर म्हणाले, "म्हणजे आपला संघ हरला तर मी कायम."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"नाही, तसं नाही म्हणालात."

"तुमचं वय किती आता?"

"अठ्ठेचाळीस."

"पन्नासनंतर कायम करता येत नाही," प्राचार्य म्हणाले. जणू वयही सरांनीच मागवून घेतले होते.

बाहेर आल्यावर सर कॅन्टीनकडे वळले. मला वाटले चहाला. ते दोन बशा घेऊन आले. कप नाहीत, नुसत्या बशा, पांढऱ्या, एकीचा टवका उडालेला. टेबलावर बसल्यावर त्यांनी एक आमच्या बाकाच्या बाजूला ठेवली, एक पाहुण्यांच्या. दुसरा अर्ध सुरू होताना खिशातून बटणे काढली, तीन इकडे, तीन तिकडे.

"हे काय?" मी विचारले.

"बटणं."

"ते दिसतंय. परिपत्रक?"

"त्यात तोंड आहे आणि हात आहे. बशीचा उल्लेख नाही."

पंचांनी बशांकडे पाहिले, नियमपुस्तक आठवल्यासारखे केले आणि निघून गेले. पाहुण्यांचे प्रशिक्षक जाता जाता म्हणाले, "बरं झालं, सर. परिपत्रकापासून मला झोप नव्हती." मेहुणे सरांनी तिकडे पाहिले नाही. एवढेच म्हणाले, "ज्याचा त्याचा चहा ज्याने त्याने नंतर प्यावा."

मेहुणे सरांचे तीन टाइमआउट कसे गेले हेही लिहून ठेवतो. पहिला पंचांशी वाद घालायला घेतला. दुसरा वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला तेव्हा, मुलींना घोळक्यात उभे करून समजावताना चांगले दिसते म्हणून. तिसऱ्यात ते मुलींना म्हणाले, "जोर लावा." मुलींची कप्तान, उंच, सावळी, कमी बोलणारी, म्हणाली, "कुठं लावू, सर?" ते म्हणाले, "सगळीकडे." प्रत्येक वेळी बटण सरांनी आमच्या बशीतले एकेक बटण उचलून खिशात टाकले. बशी रिकामी झाली.

चौदा सेकंद उरले. बावन्न-एक्कावन्न, आम्ही पुढे, चेंडू आमचा. तो बाहेर जाऊन सायकलींच्या रांगेत घुसला होता आणि पंच तो काढायला वाकले होते. समोरच्या मुली आमच्या मुलींना चिकटून उभ्या होत्या. मी घड्याळाच्या बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो आणि मला बारा वर्षांपूर्वीचे मैदान दिसत होते.

तेव्हा मेहुणे सर उठले. एक हात आडवा, एक हात उभा होऊ लागला होता. ते टेबलाकडे यायला निघाले.

मी आमच्या बशीकडे पाहिले. वाऱ्याच्या झुळकीने स्कोअरशीट सरकून बशीवर आले होते. नुसता कागद दिसत होता. सरांना काही करायचेच नव्हते. बोलायला बंदी, हात करायला बंदी, आणि कागद वाऱ्याने आलेला. चार पावले मेहुणे सर आले असते, शिट्टी वाजली असती, दोन फ्री थ्रो गेले असते आणि दुसऱ्या दिवशी मी पत्रावर तारीख घातली असती. चूक कोणाची, तर ज्याने परिपत्रक मागवले त्याची. असा नेटका हिशोब मी आयुष्यात पाहिलेला नाही.

मीही टेबलावरचाच माणूस होतो. मी घड्याळ बघत होतो. माझे काम तेच होते.

सरांनी कागद उचलला. फडकवला नाही, हलवला नाही. लिहायला घ्यावा तसा दोन्ही हातांनी उचलून आपल्यापुढे नीट ठेवला आणि त्यावर पेन टेकवले. बशी उघडी पडली. पांढरी, रिकामी.

मुलींना सकाळी सहा वाजता जिन्याखाली एक गोष्ट बारा वर्षे सांगितली जात होती: गोंधळ झाला की बाकाकडे बघू नका, टेबलाकडे बघा. कप्तानने पाहिले. ती आमच्याच बाजूला रेषेपाशी उभी होती. दोन ढांगांत ती मेहुणे सरांसमोर आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात, खूण पुरी होण्याआधी, आपल्या हातांत घट्ट धरले.

"सर, बशी बघा."

"कसली बशी? सोड."

"संपलेत, सर. एक पण नाही."

"काय संपलंय?"

"नंतर सांगते," ती म्हणाली, आणि सोडले नाही.

पंच चेंडू घेऊन आले तेव्हा त्यांना प्रशिक्षक आणि कप्तान हातात हात घेऊन उभे दिसले. त्यात नियमबाह्य काही नव्हते. चेंडू आत आला, आमच्या मुलींनी तो चौदा सेकंद एकमेकींकडे असा फिरवला, जणू सकाळचे सहा वाजलेत आणि कोणी बघत नाही. मी घड्याळ थांबवले. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. कप्तानने मेहुणे सरांचे दोन्ही हात धरलेत, त्यांचे तोंड उघडे आहे. खाली ओळ होती: 'विजयाच्या खात्रीने प्रशिक्षकाचे आधीच अभिनंदन करताना कप्तान.' कॉलेजने ते मोठे करून प्रवेशद्वारापाशी लावले आहे. मागे टेबलाचा कोपरा आला आहे आणि त्यावर बशीची कड. बटण सर आलेले नाहीत.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतले. "खरं सांगा, तुम्ही काय केलंत?"

"कागद उचलला."

"कशाला?"

"लिहायला."

"काय लिहिलंत?"

"काही घडलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही."

प्राचार्यांनी मेहुण्यांच्या पत्रावर तारीख घालायला मला सांगितली. मी घातली. मेहुणे सर कायम झाले. कायम झाल्यामुळे आता ते साडेआठला येतात, म्हणजे मुलींना चेंडू द्यायला एक तास वाढला आहे. त्यांनी बशांविरुद्धही विद्यापीठाला पत्र दिले. पुढच्या परिपत्रकात 'भांडी' हा शब्द येईल अशी चिन्हे आहेत.

मी येत्या काही महिन्यांत निवृत्त होतो आहे. निरोपाच्या कार्यक्रमासाठी शर्ट शिवायला टाकला होता, तो आणायला गेल्या रविवारी सरांकडे गेलो. सर मैदानावर गेले होते. रविवारी सराव नसतो, पण चेंडूंना हवा कमी झाली असावी. वहिनी मशीनवर होत्या. मी आरशासमोर शर्ट घालून पाहिला.

"घरी येऊन काय म्हणाले माहीत आहे?" वहिनींनी मान वर न करता विचारले. "म्हणाले, मुलींनी चेंडू छान फिरवला. बास. मी विचारलं, आणि पत्राचं? तर म्हणाले, टवका उडालेली बशी कॅन्टीनवाल्याने परत घेतली नाही, आपल्याकडेच राहिली."

मी बाह्यांची बटणे लावली.

"मी अर्धा दिवस बोलले नाही त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "मग म्हटलं, बारा वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्याने जे केलं तेच यांनी केलं असतं, तर रोज सकाळी आरशात बघून दाढी कुणाची केली असती? हात वर करा, काखेत दाटतंय का?"

"नाही."

"ते दुसरं पत्र कुठं आहे?"

"फायलीला. सांगून ठेवलंय पुढच्या माणसाला, कुठल्या ते."

"फाडलं नाही?"

"सही झालेला कागद फाडायचा नसतो."

"तारीख?"

"नाही घातलेली."

वहिनींनी मशीन थांबवले. "मग राहू द्या. दोन वर्षं आहेत अजून. मेहुणे एका खुर्चीत टिकणारे आहेत का? विद्यापीठाचे क्रीडासंचालक व्हायला निघाले असतील एव्हाना."

त्यांचा तसा अर्ज शुक्रवारीच माझ्या हातून पुढे गेला होता. ऑफिसची गोष्ट बाहेर सांगायची नसते, म्हणून मी फक्त कॉलर नीट केली. वहिनी आरशातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना तेवढे पुरले असावे.

त्यांनी शर्टाची घडी घातली, कागदात गुंडाळली, आणि देता देता म्हणाल्या, "जास्तीचं एक बटण आतल्या बाजूने शिवून दिलंय. एखादं सुटलं तर कामाला येईल. खिशात मात्र ठेवू नका."